बारदान वजा करून

मी एक जुना ताणकाटा आहे, मित्रांनो. वर कडी, खाली आकडा, मधे गोल तबकडी आणि तिच्यात एक सुई, एवढाच माझा संसार. तबकडीची काच एका कोपऱ्यात तडकली आहे, पण सुई अजून सरळ आहे. ते आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्यावर आळ येणार आहे.

पांढुर्ण्याच्या बाजारातून रघुनाथरावांनी मला घेतलं आणि रामाकोन्याला आणलं. त्यांचं तिथे घर, कापसाचं वावर आणि संत्र्याचा बगीचा. संध्याकाळी वेचणीच्या बाया गाठोडी घेऊन यायच्या आणि मी ओसरीच्या आढ्याला लटकून एकेक गाठोडं तोलायचो. सगळ्यांच्या नजरा माझ्या सुईवर! मग रघुनाथराव मोठ्यानं आकडा वाचायचे आणि शेवटी हमखास म्हणायचे, "बारदान वजा." म्हणजे ज्या फडक्यात माल बांधला, त्याचं वजन सोडून द्यायचं. इतक्या वर्षांत हे दोन शब्द माझ्या स्प्रिंगेत मुरून गेले आहेत.

एकदा मात्र मी कापूस तोलला नाही. रघुनाथरावांची लेक हिमानी जन्मली, तेव्हा तिच्या आजीनं आपल्या मऊ सुती लुगड्याची झोळी माझ्या आकड्याला अडकवली आणि त्यात ते बाळ ठेवलं. सुई जेमतेम हलली. पोरगी फार बारीक होती. हिमानीची आई पंचफुला भिंतीला टेकून रडत होती. तेवढ्यात झोळीतून अशी काही किंकाळी आली, की माझी सुईसुद्धा थरथरली! ती थरथर मला अजून आठवते.

पुढे बटणाचा विजेचा काटा आला आणि मी ओसरीच्या कोपऱ्यात, संत्र्यांच्या रिकाम्या क्रेटांजवळच्या खिळ्यावर गेलो. कोळ्यांनी माझ्या कडीला घर केलं. तक्रार करायची माझी रीत नाही, पण वाईट वाटलंच. दिवसभर मी डुलक्या घ्यायचो आणि स्वप्नात वजनं पाहायचो. धुक्याचं वजन किती भरेल? संत्र्याच्या फुलांच्या वासाचं?

यंदा एक दिवस ओसरीवर गडबड झाली. हिमानी आता आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात राहते, तिचा नवरा भूपेंद्र तिथेच कामाला आहे. तिला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला आईनं यावं अशी तिची इच्छा होती. पंचफुलाबाई पहिल्यांदाच विमानात बसणार, तेही एकट्या. रघुनाथरावांचा संत्र्याचा तोडा ऐन भरात, त्यांना निघता येईना.

रोज फोनवर हिमानी दिसायची आणि मी खिळ्यावरून ऐकायचो. "आई, बीपीच्या गोळ्या पाकिटासकट ठेव, डॉक्टरची चिठ्ठी सोबत. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. इथल्या भिंतीत तीन जाड पायांचा प्लग लागते, तो मी आणून ठेवला. दुधाचं काही आणू नको. अन् स्वेटर बॅगेत नको, हातात ठेव, उतरल्या उतरल्या वारा झोंबते." ती बोलत असताना मला ते शहर दिसू लागायचं. मधून नदी, तिच्यावर पूल, पुलांवर पांढरे पक्षी आणि सगळीकडे ओलसर उजेड.

संध्याकाळी सरावासाठी रघुनाथराव खुर्चीत बसून तिथल्या विमानतळावरचे पासपोर्ट तपासणारे साहेब व्हायचे. "बाई, कोणाकडे चालल्या?"

"लेकीकडे. बाळंतपणाले."

"वापस केव्हा जासान?"

"नातवंडाचं बारसं झालं, थंडी सरली, का आलीच."

"नवऱ्याचं नाव?"

"अवो, काय विचारून राहिले तुमी! कागदावर लिहेल हाय न, वाचा तेथं!" असं म्हणून त्या पदरात तोंड लपवून हसायच्या.

बॅग भरताना पंचफुलाबाईंनी दोन वस्तू सगळ्यांत आधी ठेवल्या. एक ते सुती लुगडं. दुसरा वरवंटा. हो, दगडी वरवंटा! आमच्याकडे बारशाला वरवंट्याला झबलं-टोपडं घालतात आणि देवाची नावं घेत पाळण्याच्या खालून-वरून या हातातून त्या हातात देतात. मग बाळाला नाव.

"अवं, दगड नेतं का परदेशात?" रघुनाथराव म्हणाले.

"मंग तेथं कोठी भेटन मले वरवंटा? त्याच्याबिगर बारसं करू का? हिमानीचं झालं तसंच झालं पाह्यजे."

तेवीस किलोची मुभा होती. घरातला विजेचा काटा बंद पडलेला, म्हणून मला खिळ्यावरून काढलं, पुसलं, आढ्याला टांगलं. किती दिवसांनी! बॅग आकड्याला लागली आणि माझं सगळं अंग ताणलं गेलं. सुई सत्तावीसवर थांबली.

"सत्तावीस," रघुनाथरावांनी वाचलं. "रिकाम्या बॅगचं बारदान चार वजा. राहिले तेवीस. बरोबर!"

मी तर सत्तावीसच दाखवलं होतं, मित्रांनो. वजाबाकी करणं माझं काम नाही. लेकीनं विचारलं तेव्हाही ते ऐटीत म्हणाले, "तेवीस भरलं बेटा, काही फिकीर करू नको." आणि रस्त्यात कमीजास्त करावं लागलं तर असावा, म्हणून मलाही गाडीत घेतलं.

नागपूरच्या विमानतळावर रघुनाथराव पास काढून, मला थैलीत घेऊन आत आले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, सत्तावीस आहे. चार किलो जास्त."

"बारदान वजा करा न, मॅडम."

"काय करू?"

"बॅगचं वजन सोडून सांगा. माल तेवीसच हाय."

"काका, इथे बॅगेसकटच धरतात." ती हसली नाही, हे तिचं चांगलं. पण रघुनाथरावांचा चेहरा उतरला. "आमचा काटा खोटा नाई," ते पुटपुटले. नव्हतोच मी खोटा!

पाच किलोचा वरवंटा बाहेर निघाला. हातातल्या पिशवीत दगड चालणार नव्हता. पंचफुलाबाई त्याच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांना रडू फुटलं. "बिनवरवंट्याचं बारसं करू का माह्या लेकीच्या लेकराचं?"

रघुनाथरावांनी मला थैलीतून बाहेर काढलं. मग त्यांनी मलाच बॅगेत लुगड्याच्या घडीत ठेवलं. "हा ने. अर्ध्या किलोचा बी नाई. हिमानीले यानंच तोललं होतं. वरवंट्याच्या जागी हाच फिरव." काउंटरवरच्या मुलीनं मान डोलावली. पंचफुलाबाईंनी डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर माझ्या तबकडीवर हात फिरवला.

विमानाच्या पोटात अंधार होता. खाली समुद्र होता म्हणे. मी लुगड्यात गुरफटून तरंगत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा कशाचंच वजन सांगायचं नव्हतं. हिमानीची ती जुनी किंकाळी मला स्वप्नात पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिली.

डब्लिनात मुलगी झाली. बारशाला मला झबलं घातलं, टोपडं बांधलं, आकड्यावर मऊ फडकं गुंडाळलं आणि पाळण्याच्या खालून-वरून हातोहात फिरवलं. या वयात लाजलो हो मी! बाळाचं नाव ठेवलं ऋतुजा.

मग हिमानी म्हणाली, "आई, हिलेही तोल न." भूपेंद्रनं मला दोन्ही हातांनी उंच धरलं. हिमानीच्या आजीच्या त्याच लुगड्याची झोळी, त्यात ऋतुजा, खाली पंचफुलाबाईंचे दोन्ही तळहात. फोनवर रामाकोन्याहून रघुनाथराव बघत होते.

"किती?"

"चार!" हिमानीनं वाचलं.

"लुगड्याचं बारदान वजा कर व," ते सवयीनं बोलून गेले.

पंचफुलाबाई म्हणाल्या, "नाई करत. माह्या सासूबाईचं लुगडं हाय ते. तेबी तिच्यातच धरा."

फोनवर रघुनाथरावांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "बरं. पुरं धर."

आता मी डब्लिनच्या एका खिडकीजवळ खिळ्यावर आहे. बाहेर पांढरे पक्षी उडतात. मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा काटा कुठे अडकून पडला असेल. त्याला पुसा, तेलाचा एक थेंब द्या, सुई शून्यावर आणून ठेवा. घरात कोण कधी जन्माला येईल, सांगता येतं का?