पुरी अरदास

“रंजिता, झोळी त्या बाभळीले नको बांधू. तिथं थो राहते,” असं बिजलीबाईनं सुनेला बजावलं होतं. थो कोण, ते तिनं उच्चारलं नाही. सापाचं नाव वावरात घ्यायचं नसतं. बी.ए. झालेल्या रंजितानं ते हसण्यावारी नेलं. याडीला, म्हणजे सासूला, सावलीतही भुतं दिसतात! दुपारी लेकीला पाजायला आली, तर झोळीखाली परड, म्हणजे विषारी घोणस, वेटोळं घालून बसलेली.

लेकीच्या केसालाही धक्का लागला नाही. पण भीतीनं रंजिताच्या मनात घर केलं. त्यानंतर तिनं वावरात पाऊल टाकलं नाही. अंथरूण झाडायची, पुन्हा झाडायची, निजलेल्या लेकीचा श्वास बघत बसायची.

तांड्यात भोग लागला, तूप-लापशी निखाऱ्यावर पडली की सगळे हात जोडून अरदास करत. त्या प्रार्थनेत फक्त आपल्यापुरतं मागायची रीत नाही. गुरावासरांचं, किड्यामुंगीचं, सरपटणाऱ्याचंही भलं मागायचं. सरपटणाऱ्यापाशी आली की रंजिता ओठ मिटून घ्यायची.

बिजलीबाईच्या नजरेतून ते सुटतं थोडंच!

“काहून व बाई, देवापाशी अर्धीच अरदास?”

“त्याचं भलं कायले मागू, याडी? माही लेक गेली असती!”

“मंग भेवही अर्धंच जाईन. घे, लापशी तरी पुरी खाय.”

कापूस वेचणीच्या दिवसांत रंजिताचा नवरा शाम माल घेऊन ढाणकीच्या बाजाराला गेला होता. सकाळीच तांड्याला लागून असलेल्या वावरातून बिजलीबाईची हाक आली, “रंजिता! डसलं व मले!”

लेकीला शेजारच्या धनीबाईच्या कडेवर देत रंजिता ओरडली, “लखीरामले ऑटो काढाले सांग!” आणि धावली. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पोचली आणि पाय जागीच थिजले. समोर छातीएवढी कपाशी, खालची जमीन दिसेना.

आतून बिजलीबाईचा आवाज आला, “राहू दे, मीच येतो चालत.”

चाललं तर विष चढणार, हे रंजिताला ठाऊक होतं. “चालू नको, याडी! बसून राह्य!”

तिनं हात जोडले आणि मोठ्यानं अरदास सुरू केली. “देवा, तांड्याचं भलं कर. गुरावासराचं कर. किड्यामुंगीचं कर.” क्षणभर जीभ अडली. “सरपटणाऱ्याचंही भलं कर. त्याले त्याची वाट दे, मले माही दे. माही लेक तुह्या हवाली.”

छाती धडधडतच होती, पण पाय सुटले. पाय आपटत ती कपाशीत शिरली. बिजलीबाईला तिनं पाठीवर घेतलं.

“उतरव मले. सासू सुनेच्या पाठीवर! तांडा हासन!”

“हासू दे. तू हालू नको फक्त.”

लखीरामचा ऑटो धुऱ्याशी उभाच होता. “वेळेत आणलंत,” दवाखान्यात डॉक्टर म्हणाले.

बिजलीबाई चालती-फिरती झाली, तेव्हा घरी भोग लागला. पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे पुढं सरसावली, तशी म्हातारी गरजली, “सरका! आज अरदास माही सून सांगन!” शामची छाती अभिमानानं फुगली. रंजितानं खड्या आवाजात अरदास सांगितली, एकही नाव न गाळता. मागून अख्ख्या तांड्यानं साथ दिली.

झोळी आता घरातल्या आढ्याला असते. रंजिता रोज वावरात जाते, डोळे उघडे ठेवून, पाय आपटत.

तुमच्याही शेजारात एखादी लेकुरवाळी हल्ली दाराबाहेर दिसत नसेल. “बिलकूल ठीक आहो,” असं ती सांगेल. रंजिताही तेच सांगायची. रंजिताचं मागणं एवढंच आहे: आज त्या शेजारणीकडं एक चक्कर टाकाल?