चौकातला फ्लेक्स

माझी लेक सई अमेरिकेत एका राज्याच्या विधानसभेत आहे. दोनदा निवडून आली, यंदा वरच्या सभागृहासाठी उभी राहिली. तिथल्या आमदाराला ताफा नाही की अंगरक्षक नाही. स्वतः गाडी चालवायची, स्वतः दारोदार हिंडायचं आणि घरी येऊन पोरीचा अभ्यास घ्यायचा. माझ्या धाकट्या दिरांना, देवदत्त भाऊजींना, हे मी कितीदा सांगितलं. पण ऐकतील तर शपथ.

सईने अर्ज भरल्याचं कळलं आणि भाऊजींनी इथे सोलापुरात, शुक्रवार पेठेच्या चौकात भला मोठा फ्लेक्स लावला. वर आमचे इथले पुढारी दिग्विजयभाऊ, हात जोडून. मध्ये सई, जावई अमरेश आणि नात, त्यांच्या घराच्या पायरीवर. आणि खाली ठळक अक्षरात त्या घराचा पूर्ण पत्ता.

"पत्ता कशाला हो छापलात?" मी विचारलं.

"अहो वहिनी, आमदाराच्या घरी लोक येणारच की. सोलापूरचं कुणी तिकडं गेलं तर हुडकत बसायचं काय?"

आपल्याकडे आमदाराच्या अंगणात सकाळपासून माणसं बसलेली असतात, तेच यांच्या डोक्यात. मी काढा म्हटलं, तर हसले.

कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो फेसबुकवर टाकला. तो सईच्या विरोधकांच्या हाती लागला. 'हिला परदेशातले पुढारी उभं करतात' असं लिहून त्यांनी तो तिकडे गावभर फिरवला, पत्त्यासकट. मग भाऊजींनी फ्लेक्स उतरवला. आता उतरवून डोंबलाचा उपयोग.

सईच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, एक गाडी येऊन थांबायला लागली. आत दोन माणसं. शिवी नाही, धमकी नाही. शाळेची बस आली की तेवढी खाली उतरतात आणि माझ्या नातीकडे बघत उभी राहतात. पोलीस म्हणतात, रस्ता सगळ्यांचा आहे.

काल संध्याकाळी सईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती.

"आई, मी माघार घेतली. काल जाहीरही केलं."

तिची इतक्या वर्षांची मेहनत मातीत गेली. पण खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

"सुटलीस बाई. आता गेली ना ती गाडी?"

तिने फोन खिडकीकडे फिरवला. गाडी तिथेच होती. तिच्यामागे आणखी एक उभी होती.

"आम्ही हे घर सोडतोय," सई म्हणाली. "नवा पत्ता तुलाही देणार नाही, आई. रागावू नकोस."

माझ्या पाठीमागे भाऊजी येऊन उभे राहिले होते. "मला तरी सांग की गं," ते म्हणाले.

"कुणालाच सांगू नकोस," मी म्हणाले. "मलाही नको."

पोटच्या पोरीचा ठावठिकाणा नको, असं आईने म्हणायची वेळ आली.