जाफराबादला पाणी कितीला उकळतं

राजूरच्या प्रशिक्षणात पाणी उकळलं ते फक्त चहासाठी. मी शिवकन्या, नववी-दहावीला विज्ञान शिकवते, म्हणून हे माझ्या डोक्यात जातं. आम्ही सगळे विज्ञान शिक्षक दिवसभर पडद्यावरच्या स्लाइड बघत बसलो. 'कृतीतून शिक्षण' ही स्लाइड तर दोनदा आली. आमचे तज्ज्ञ मार्गदर्शक होते धर्मराज सर. मी त्यांना म्हटलं, "सर, एखादा प्रयोग प्रत्यक्ष करून बघू या का? साधं पाणी उकळू." ते म्हणाले, "मॅडम, गॅस एकच आहे, त्यावर चहा ठेवलाय." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना मिळालं.

आता हेच धर्मराज सर गुणवत्ता तपासणीला आमच्या जाफराबादच्या शाळेत येणार होते. माझा पाठ बघून शेरा देणार, आणि त्या शेऱ्यावर माझं कायम होणं ठरणार. तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढली होती. शेरा वाईट आला की संस्था मला घरी बसवायला मोकळी.

मी पाठ निवडला उत्कलनाचा. मुद्दाम निवडला. आपला हा भाग समुद्रापासून बराच उंच, हवेचा दाब कमी, म्हणून इथं पाणी अठ्ठ्याण्णव अंशाच्या आसपासच उकळतं. आणि पैज लावून सांगते, आसपासच्या कुठल्याही शाळेतलं जर्नल उघडा, आत शंभरच लिहिलेलं सापडेल. पोरं बघतात थर्मामीटरकडे आणि लिहितात पुस्तकातलं. डोळे मिटून घ्यायला आपणच शिकवतो, वर त्याला विज्ञान म्हणतो!

मुख्याध्यापक तातेराव सरांनी आदल्या दिवशी मला बोलावून घेतलं. "शिवकन्या मॅडम, उगी त्या अठ्ठ्याण्णवच्या भानगडीत पडू नका. साहेबाला शंभर पायजे ना, मंग शंभर द्या आन् जल्दी मोकळ्या व्हा."

"न्हाई सर. पोरं वाचतील तेच खरं."

ते उठून वर्गांकडे गेले. मला वाटलं, पटलं असावं.

तपासणीला धर्मराज सर मागच्या बाकावर बसले, नजर मोबाइलमध्ये. मी स्पिरिटचा दिवा पेटवला, वर काचपात्रात पाणी ठेवलं, स्टँडला थर्मामीटर अडकवला. पाणी खळखळा उकळायला लागलं आणि पारा अठ्ठ्याण्णववर येऊन थांबला. वाचायला मी अर्पिताला बोलावलं. भारी चौकस मुलगी. फळ्यावरची माझी चूकसुद्धा सोडत नाही.

तिनं वाकून बघितलं. "शंभर, मॅडम."

"परत वाच."

"शंभर."

"अर्पिता, नीट बघ. पारा कुठं आहे?"

तिचा चेहरा रडवेला झाला. "मॅडम, हेडसरांनी सांगितलं हाय. शंभर न्हाई म्हणलं तर तुमची नोकरी जाईल. आमी सगळ्यांनी ठरवलं हाय."

"शंभर!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

एवढी गुणी पोरं, आणि त्यांना खोटं बोलायला लावलं तेही माझ्या नावानं! तातेराव सर दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं तशी त्यांनी मान खाली घातली.

धर्मराज सर उठून पुढे आले. पाऱ्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. "आलं ना शंभर? छान. 'उत्कृष्ट' लिहितो."

"सर, पारा तरी बघा."

"मॅडम, पुस्तकात शंभर आहे."

"पुस्तकात समुद्रसपाटीला शंभर आहे. जाफराबादला समुद्र कुठून आणू?"

पोरं हसली. सरांचा चेहरा लाल झाला. ते माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "विचार करून बोला. 'उत्कृष्ट' लिहू, की 'प्रयोग फसला' लिहू?"

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? घरी आई कायमच्या ऑर्डरची वाट बघत होती. पण समोर अर्पिता उभी होती, डोळे पुसत, माझ्याकडे बघत. मी आता गप्प बसले असते तर ही पोरगी जन्मभर पाऱ्याकडे न बघता आकडा सांगत राहिली असती.

"अर्पिता, वाच."

"अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली. या वेळी मोठ्यानं.

धर्मराज सरांनी लिहिलं, 'प्रयोग फसला. शिक्षिकेस पुन्हा प्रशिक्षणाची गरज.' मी खाली सही केली. कागद फाटेल इतकी दाबून केली.

परवा राजूरला जायचंय. तेच सर, त्याच स्लाइड. नोकरीचं काय करायचं ते संस्था करेल. मी पर्समध्ये थर्मामीटर टाकलाय. चहाचं आधण उकळायला लागलं, की पत्ती पडायच्या आधी तो आत धरणार आहे. आणि सगळ्या शिक्षकांसमोर धर्मराज सरांना म्हणणार आहे, "सर, आता तुम्ही वाचा."