अपेंडिक्स सांगितलंय

शुद्धीवर येताना उत्तराला पोटाच्या आधी खांदा जाणवला. उजवा खांदा, मानेच्या बुडाशी, कुणी आत अंगठा रुतवून बसल्यासारखा. मग घसा. ती बोलायला गेली, तर नुसती खरखर निघाली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर ट्रंक कॉल जोडणारी बाई ती. स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना.

"बोलू नकोस," आई म्हणाली. "घशात नळी घातली होती. आणि ऐक, सगळ्यांना अपेंडिक्स सांगितलंय."

उत्तरा बत्तीस वर्षांची, बिनलग्नाची. दर महिन्याला पाळीत पोट धरून लोळायची. त्या वर्षी एकदा एक्स्चेंजच्या बोर्डासमोरच चक्कर येऊन पडली, तेव्हा बोरीवलीतल्या डॉक्टरीणबाईंनी बेंबीतून दुर्बीण घालून बघायचं ठरवलं. पण शहाऐंशी सालात दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना एकच ठाऊक, मुलं बंद करायचं. लग्न न झालेल्या मुलीचं तसलं ऑपरेशन झालं अशी कुजबुज सोसायटीत उठली असती, तर आईला, रत्नप्रभाबाईंना, जिन्यात मान वर करून चालता आलं नसतं. म्हणून अपेंडिक्स.

"निघालं काय?" उत्तराने कसंबसं विचारलं.

"काही नाही गं. बारीकसारीक होतं, साफ केलं म्हणाल्या."

नर्सने घरी सोडताना समजावलं. पोटात हवा भरतात, ती जिरेपर्यंत खांदा ठणकणार. थोडं थोडं चालायचं, गरम पाणी प्यायचं, जड उचलायचं नाही. अंगावर किंचित जाईल, घाबरायचं नाही. तसंच सगळं झालं. पोट फुगून नगारा झालं, खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरावी लागे. हसू येण्याचा प्रश्न नव्हता. पण बेंबीत एक टाका आणि खाली एक, एवढंच दिसायला.

"एवढंसंच?" धाकटा भाऊ विद्याधर म्हणाला. त्याचं लग्न कांदिवलीच्या शुभाशी ठरलं होतं. "मला वाटलं, चांगलं वीतभर कापलं असेल."

तिसऱ्या दिवसापासून आईने तिला कुकर लावायला उठवलं.

रविवारी शुभाच्या घरचे साखरपुड्याचं बोलायला आले. "निदान साडी नेस," आई म्हणाली. परकराची नाडी नेमकी टाक्यावर येत होती. उत्तराने ती वर, बरगड्यांपाशी बांधली आणि आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली. शुभाची आई चौकशीला आत आली, बरोबर उत्तराची आईही.

"अपेंडिक्स ना? मग खांदा का धरलाय?"

"अवघडलाय. झोपून झोपून," उत्तरा म्हणाली.

"हिच्या लग्नाचं काही बघताय की नाही?"

उत्तराने मान वर केली. पण उत्तर आईनेच दिलं. "तिलाच करायचं नाही हो. विद्याधरचा संसार तो माझा, म्हणते. आता आम्ही तरी किती सांगायचं?"

असं उत्तरा जन्मात कधी म्हणाली नव्हती. तिने तोंड उघडलं. पाहुणीसमोर आईला खोटं पाडायचं कसं, म्हणून ते तसंच मिटलं. शुभाची आई मोठ्या कौतुकाने तिच्याकडे बघत होती.

टाके काढायला ती एकटीच गेली. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. "छान भरलंय. मग, स्थळं बघायला लागलात की नाही?"

"कसली स्थळं?"

बाई थांबल्या. "आईंनी सांगितलं नाही?"

गर्भपिशवीचं आतलं अस्तर बाहेर, बीजकोशावर वाढलं होतं. एका बाजूला गाठ होती. दिसलं तेवढं जाळलं, पण ते पुन्हा वाढतं. मूल हवं असेल तर लग्नाला आता उशीर नको, पुढे कठीण होत जाईल. आणि लग्न लांबणार असेल तर निदान गोळ्या तरी लगेच सुरू करायला हव्यात. हे सगळं त्यांनी त्याच दिवशी आईला आणि भावाला समोर बसवून सांगितलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गुंगीत होतात. आणि अविवाहित मुलगी म्हटल्यावर आम्ही घरच्यांशीच बोलतो."

"पोट माझं आहे ना, डॉक्टर?"

बाईंनी मान खाली घालून गोळ्या लिहून दिल्या.

घरी आई गॅलरीत पापड वाळत घालत होती. उत्तरा चपलाही न काढता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तुला?"

आईचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. "सांगणार होते. विद्याधरचं कार्य पार पडू दे म्हटलं."

"आणि मग?"

"मग तुझं बघितलं असतं. एका वर्षात दोन कार्यं झेपतात का आपल्याला? तुझे बाबा असते तर गोष्ट वेगळी. आणि शुभाकडे कळलं असतं तर? नणंदेला असलं काही आहे म्हटल्यावर…"

"विद्यालाही माहीत होतं."

"त्याला काय कळतंय त्यातलं!"

"त्याच्यासमोरच सांगितलंय, आई. माझ्याशिवाय सगळ्यांना सांगितलंय."

आई रडू लागली. एरवी उत्तराने तिला जवळ घेतलं असतं. आज तिने पाय अडखळू नयेत म्हणून पापडाचं ताट बाजूला सरकवलं आणि आत गेली.

लग्न झालं. उत्तरा करवली म्हणून मिरवली, फोटोतही उभी राहिली. गोळ्यांनी पाळी थांबली, अंग सुटलं, ओठावर लव आली. दुखणं मात्र कमी झालं. पुढच्या वर्षी आईने एक स्थळ आणलं, दिंडोशीचे शिवदास, बिजवर, समजूतदार वाटले. पहिल्याच भेटीत उत्तराने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपवला, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत" म्हणाले, आणि पुन्हा आले नाहीत.

"कशाला सांगायचं होतं?" आई कडाडली. "लग्नानंतर कळलंच असतं!"

"कसं कळतं ते ठाऊक आहे मला," उत्तरा म्हणाली.

त्यानंतर आईने स्थळ आणलं नाही. संध्याकाळी दोघी शेजारी उभ्या राहून पोळ्या करत, एक लाटायची, दुसरी भाजायची. मीठ किती, भाजी कुठली, एवढंच बोलणं होई. शुभाला दिवस गेले तेव्हा डॉक्टरकडे तिच्यासोबत जायला आईने उत्तरालाच रजा काढायला सांगितलं. उत्तरा म्हणाली, "विद्याला पाठव," आणि कामावर निघून गेली.