उत्तरेच्या भिंतीकडचा वाफा

"पोत्यात काय आहे?"

डाकबंगल्याच्या फाटकातच मार्तंडरावांनी झुंबरबाईला अडवलं. ते बांधकाम खात्याचे नवे ओव्हरसियर. जालन्याहून जाफराबादेत येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. मागे चौकीदार भुजंग उभा होता. त्यानं मान खाली घातली, तेव्हाच झुंबरबाई समजली की साहेबांच्या कानावर काहीतरी गेलंय.

"मुळ्या हायेत साहेब, गुलबक्षीच्या."

"इतक्या जड?"

"जुन्या हायेत. रताळ्यावानी फुगल्यात."

तिनं पोतं उतरवून तोंड सोडलं. मनगटाएवढ्या काळ्या मुळ्या, कण्हेरीचे मुळासकट फुटवे, थोडी कोरफड. मार्तंडरावांनी हातातली छडी पोत्याच्या तळापर्यंत खुपसून फिरवली.

"कुठून आणलंत हे?"

"मुन्शीजींच्या बंद घरातून. मागच्या अंगणातून."

मार्तंडरावांनी भुजंगकडे पाहिलं. गावाच्या टोकाचं, जुन्या कचेरीतल्या मुन्शीजींचं ते घर अठ्ठेचाळीसच्या भादव्यात, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, घाईघाईनं रिकामं झालं होतं. माणसं हैदराबादेकडे गेली ती परतली नाहीत. जे सोनंनाणं नेता आलं नाही ते त्यांनी अंगणात पुरलंय, असं गाव गेली तीन वर्षं बोलत होतं.

झुंबरबाईचा नवरा कडूबा या बंगल्याचा माळी होता. तो गेल्यावर काम तिच्याकडे आलं, त्यालाही आठ वर्षं झाली होती. बंगला उघड्या माळावर. उत्तरेच्या कुंपणाची भिंत गुडघाभर उंचीची. पौषात तिकडून वारं सुटलं की औरंगाबादेहून आणलेली शेवंती, जास्वंद संक्रांतीच्या आत काळी पडायची. मग दर साली साहेब बदलला तरी प्रश्न तोच असे: पाणी घातलं नाही, की रोपं विकली?

"दोन हिवाळे मी त्या अंगणाकडं बघून राह्यले, साहेब," ती म्हणाली. "भिंत पडकी हाय, वारं सरळ आत येतं. पाणी घालाया कुणी न्हाई, शेळ्या रोज तोंड लावत्यात. तरी जे जित्तं राह्यलं, ते हितंबी राहील. निम्म्या मुळ्या तिथंच ठेवल्या, माती बराबर दाबून आले."

"आणि हे भर दुपारी? सगळे शेतात गेल्यावर?"

"मला तवाच सवड व्हती."

मार्तंडरावांनी छडीनंच तिला आत जायची खूण केली. तिनं संध्याकाळपर्यंत वाफा लावला. वाऱ्याच्या बाजूला कण्हेर, तिच्या आडोशाला गुलबक्षी, कडेनं कोरफड.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली, तर भुजंग वाफ्यात कुदळ चालवत होता. रोपं उपसून एका बाजूला फेकली होती. मार्तंडराव खुर्ची टाकून समोर बसले होते.

"गावातून अर्ज आलाय," ते म्हणाले. "सरकारी जागेत कोण बघणार, म्हणून तुम्ही तिथलं सोनं आणून इथं पुरलं असं लोकांचं म्हणणं आहे. मला बघणं भाग आहे."

झुंबरबाई कडेला उकिडवी बसली. भुजंगनं वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडीइतका खोल खणला. मध्येच कुदळ खणकन वाजली. मार्तंडराव खुर्चीतून उठले. भुजंगनं गुडघे टेकून हातानं माती सारली, वर काढलेली वस्तू धोतराला पुसली. मडक्याची खापरी होती.

शेवटी कुदळ थांबली.

"ठीक आहे," मार्तंडराव म्हणाले. "परत लावून टाका सगळं." आणि ते आत जायला वळले.

"साहेब, बसा."

ते थबकले.

"उपसताना तुम्ही समोर व्हते. आता लावतानाबी बसा. न्हाईतर उद्या म्हणतील, बाईनं मागून पुरलं. भुजंगा, तू माती ओढ."

भुजंगनं साहेबांकडे पाहिलं. साहेब सावकाश खुर्चीत बसले.

झुंबरबाईनं एक मूळ उचललं, दोन्ही बाजूंनी फिरवून त्यांच्यासमोर धरलं. "बघा. मूळच हाय ना?"

"हो."

ते लावून तिनं दुसरं धरलं. दहाव्या मुळापर्यंत त्यांचं "हो" नुसत्या मान हलवण्यावर आलं. नंतर ते आपल्या बुटांकडेच बघत राहिले. तरी ती प्रत्येक मूळ वर धरायची, थांबायची आणि मगच खड्ड्यात ठेवायची. कुदळीनं चिरलेलीही तिनं वगळली नाहीत. त्यातली काही पुढं कुजली. बाकीची पौषाच्या वाऱ्यातून तगली. पण त्या सकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं. शेवटची कोरफड लागली. मार्तंडरावांनी घसा साफ केला.

"झुंबरबाई, जाऊ का मी आता?"

तिनं हाताची माती झाडली, घागर उचलली.

"पाणी राह्यलंय अजून, साहेब."

ती विहिरीकडे गेली. भुजंग कुदळीला टेकून उभा राहिला. मार्तंडरावांनी खुर्ची थोडी सावलीला सरकवली आणि ती परत येईपर्यंत ते तिथंच बसून राहिले.