तळघरातला टेकू

विकायला काढलेली इमारत दिसायला देखणी होती. नवा रंग, खाली शिंप्याचं दुकान, वरच्या दोन्ही मजल्यांवर भाडेकरू. भाड्यावर म्हातारपण निघेल म्हणून वहिनीचं मन तिच्यावर बसलं होतं. नवऱ्यामागे ड्रायव्हिंग स्कूल ती एकटी चालवायची, आणि बॉनेट उघडून पाहिल्याशिवाय तिने कधी गाडी घेतली नव्हती. इमारतीचं बॉनेट उघडायला तिने इंजिनिअर दिराला सोबत आणलं.

मालकाने दाखवायला जावयाला पाठवलं होतं. गडी धिप्पाड आणि तोंडाचा गोड. वरचं सगळं त्याने हौसेने दाखवलं. तळघराचं नाव निघताच मात्र त्याचा चेहरा उतरला.

"तिथे काय, नुसती अडगळ आहे."

"मग अडगळच बघू," वहिनी म्हणाली.

खाली कोंदट ओल होती. कोपऱ्यातल्या खांबाचा गिलावा तेवढा कोरा करकरीत दिसला. दिराने हातोडीने टकटक केलं, तर आतून पोकळ आवाज आला. जावई "अहो, राहू द्या" म्हणेपर्यंत छिन्नी बसली आणि ढलपा खाली आला. आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या. अंगठा शिरेल एवढी भेग थेट जमिनीत गेली होती. दिराने शेजारच्या फळ्या बाजूला केल्या, तर तुळईखाली एक लोखंडी टेकू उभा.

"वहिनी, पाया खचलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "हा कोपरा या टेकूवर तगून आहे. घ्यायचं तर सोडाच, वरची माणसं आत्ता उतरवायला हवीत."

त्याने फोन काढला. जावयाने अडगळीतली पहार उचलली.

पहिला घाव दिराच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज वहिनीने ऐकला. दुसऱ्या घावाने तो खाली कोसळला. तिसरा डोक्यात बसणार, तोच वहिनीने जावयाच्या पाठीवर झेप घेतली आणि त्याच्या कानाचा लचका तोडला. त्याने तिला भिंतीवर आपटलं. ओठ फाटला, तोंड रक्ताने भरलं. हाताला हातोडी लागली, ती तिने जीव खाऊन त्याच्या गुडघ्यावर हाणली. तो वाकला, शिव्या देत पहार गरगर फिरवू लागला. ती बाजूला झाली आणि घाव टेकूवर बसला.

टेकू सरकला. वरून करकर आवाज आला आणि तुळईचा एक भलामोठा तुकडा जावयाच्या पायावर पडला.

धूळ खाली बसेपर्यंत तो गुरासारखा ओरडत होता.

"वहिनी, चला," कसाबसा उठून दारापर्यंत गेलेला दीर म्हणाला. छतातून वाळू गळत होती.

"ताई, टाकून जाऊ नका," जावई रडत म्हणाला. "सासऱ्यांनी सांगितलं होतं, कुणाला खाली नेऊ नकोस म्हणून."

पडू दे इथेच मेल्याला, असं तिच्या मनात आलं. ती दोन पावलं गेलीसुद्धा. मग शिवी हासडून परतली, त्याचीच पहार तुकड्याखाली घातली आणि सगळा भार टाकून दाबली. दिराने एका हाताने त्याला कॉलर धरून ओढलं. पोटरीखाली पायाचा लगदा झाला होता.

दोघांनी त्याला ओढत रस्त्यावर आणलं. तिथे वहिनीने दुकानाच्या काचेवर दगड घातला आणि घसा फाटेस्तोवर ओरडली. भाडेकरू अनवाणी धावत उतरले. शिंप्याची बायको शेवटची, तान्ह्याला छातीशी धरून आली. ती रस्ता ओलांडते न ओलांडते तोच मागचा कोपरा तिन्ही मजल्यांसकट खाली बसला.

बातमी कळताच धावत आलेला मालक गाडीतून उतरला. चादरीच्या झोळीतून नेल्या जाणाऱ्या जावयाकडे त्याने पाहिलंही नाही.

"तळघराला हात कुणी लावला?" त्याने विचारलं.

शिंप्याने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो पडला, तरी शिंपी त्याच्या छातीवर बसून मारतच राहिला.

"थांबवा त्याला कुणीतरी," मोडका हात पोटाशी धरून दीर म्हणाला.

वहिनी फुटपाथवर बसून रक्त थुंकत होती. तिने वर पाहिलं, पण ती जागची हलली नाही.