निम्मं नाव

"सोडियम," मावशी म्हणाल्या आणि थांबल्या.

"क्लोराइड," रॅकच्या मागून उत्तर आलं.

मावशींनी मान वर केली नाही. चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून ती NaCl च्या बाटलीवर डकवली आणि बाटली खोक्यात ठेवली.

शाळेच्या प्रयोगशाळेमागच्या या खोलीत त्यांच्या नवऱ्याने जन्म काढला होता. बाटल्यांवर नुसती सूत्रं असायची. मावशी धातूचं नाव घ्यायच्या, उरलेलं तो पुरं करायचा. अक्षरशत्रू बायकोला त्याने असंच वाचायला शिकवलं. तो जाऊन वर्ष झालं. काल नव्या बाईंनी सगळ्या बाटल्यांवर नावं घालायला सांगितली, आणि पहिल्याच बाटलीला त्याचा आवाज आला. काल मावशींच्या हातून बाटली सुटता सुटता राहिली. आज त्या नीट केस विंचरून आल्या होत्या.

पुढची FeCl₃.

"आयर्न..."

"नुसतं आयर्न? त्याचा भार किती, ते काय तुझा भाऊ सांगणार?"

"अहो, दम धरा जरा!" क्लोराइडचा भार ऋण एक. ती तीन, म्हणजे लोखंड धन तीन. "आयर्न थ्री."

"क्लोराइड. शिकलीस की गं."

रॅकमागे भिंत होती. माणूस सोडा, हातही शिरला नसता. मावशींनी कालच वाकून पाहिलं होतं. धुळीवर ठसा नव्हता. फक्त गारवा होता आणि तो हात धुवायचा त्या साबणाचा वास.

दुपारी बाई आल्या. "मावशी, आटपा हो. रॅक न्यायला माणसं आलीत. उद्या इथे कॉम्प्युटर लागणार."

"एकच राहिलीय." निळ्या खड्यांची ती CuSO₄ ची बाटली मावशी सकाळपासून मागे सारत होत्या. उगाच फडकं फिरवून शेवटी म्हणाल्या, "कॉपर टू..."

रॅकमागे कुणीतरी बोलण्यासाठी श्वास घेतला.

"सल्फेट!" बाई हसल्या. "एवढं मलाही येतं, मावशी." त्यांनीच चिठ्ठी लिहिली, डकवली.

घेतलेला श्वास हळूच सुटला. टेबलावरच्या कोऱ्या चिठ्ठ्या हलल्या.

"वारा कुठून येतोय?" बाईंनी खिडकी शोधली. त्या खोलीला खिडकीच नव्हती.

माणसांनी रॅकला हात घातला.

"सावकाश उचला," मावशी म्हणाल्या.

"रिकामाच तर आहे, मावशी."

पदर खोचून मावशींनी रॅकचा एक कोपरा धरला आणि दारापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेल्या.